सोळा जीबीतली चौथी सीट

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडायला अकरा सेकंद लागायचे. हा आकडा अंदाजाचा नाही. मी डोंबिवलीकर आहे. आमच्याकडे अंदाज फक्त पावसाचा करतात, बाकी सगळं मोजतात. दार ते जिना किती, जिना ते रिक्षाची रांग किती, स्टेशनच्या पुलाच्या कितव्या पायरीवर पाय पडला की इंडिकेटर दिसतो, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ८.१३ची फास्ट म्हणजे आठ तेरा. तिला ‘सव्वाआठची’ म्हणणारा माणूस नुकताच राहायला आलेला असतो. आता ही ८.१३ बऱ्याचदा ८.२१ला येते, पण त्या आठ मिनिटांचं कुणी मनावर घेत नाही. ती प्लॅटफॉर्मवर उभ्याने गेलेली असतात, आणि उभ्याने गेलेला वेळ आम्ही हिशेबात धरतच नाही.

हे अकरा सेकंद मात्र बसून जात होते. खुर्चीत बसायचं, टिचकी मारायची आणि पडद्यावरचं ते निळं कडं गरगर फिरताना बघायचं. आत हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारत असते, म्हणजे सेकंदाला १२०. एवढी धावपळ करून शेवटी उशीरच. तीही डोंबिवलीचीच असावी.

मी आधी चुकीचा इलाज केला. संध्याकाळी ठाण्याला उतरलो आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात आणखी आठ जीबी रॅम मागितली. काउंटरवरचा पोरगा माझ्या मुलीच्या वयाचा.

‘काका, रॅम नका घेऊ. एसएसडी टाकून घ्या, विषय संपला.’

मला विषय संपवायचा नव्हता. पन्नाशी उलटली की विषय आपणहून एकेक करून संपत असतात. पदरचे पैसे देऊन त्यांना कोण घाई करणार? मी रॅमच घेतली. घरी येऊन ती बसवली, ब्राउझरवर टिचकी मारली आणि मोजलं. अकरा.

हळहळत टास्क मॅनेजर उघडला. तिथे लिहिलं होतं: एकूण सोळा जीबी, वापरात साडेचार. साडेअकरा जीबी रिकामी! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सकाळच्या गाडीत रिकामा बाक दिसला की डोंबिवलीकराला दोनच शंका येतात: वरून पाणी गळत असणार, नाहीतर आपण चुकून महिलांच्या डब्यात चढलो असणार. इथे यातलं काहीच नव्हतं. भर गर्दीत साडेअकरा जीबी नुसती पडून होती, आणि माझा ब्राउझर बाहेर दाराला लटकत होता. ही रिकामी जागा वापरायची युक्ती शोधताना मला रॅमडिस्क सापडली.

रॅमडिस्क म्हणजे काय, ते मी त्याच रात्री हिला स्वयंपाकघरात समजावून सांगितलं.

‘हार्ड डिस्क म्हणजे आपला माळा. जागा भरपूर, पण स्टूल आणा, चढा, तीन पिशव्या बाजूला करा, तेव्हा मोदकपात्र सापडणार. रॅम म्हणजे ओटा. हात लांबवला की वस्तू हातात.’

‘बरं.’

‘रॅमडिस्क म्हणजे ओट्याचा एक भाग अडवायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं की हाही माळाच आहे. तो बिचारा समजतो माळा, पण असतो ओटा.’

‘म्हणजे ओट्यावर माळा बांधायचा.’

‘हो!’

‘मग पोळ्या कुठे लाटायच्या?’

‘अगं, म्हणून तर ओटा मोठा करून घेतला आहे.’

‘आणि लाइट गेले की?’

हा प्रश्न तिला कसा सुचला देव जाणे. मी घसा साफ केला. ‘लाइट गेले की त्या माळ्यावरचं सगळं नाहीसं होतं.’

तिने पळी खाली ठेवली. ‘मोदकपात्र?’

‘तेही.’

‘आणि याला पैसे पडतात?’

‘फुकटातही मिळतो,’ मी म्हणालो.

यात रॅमचा काही दोष नाही. तिचा स्वभावच तसा आहे. तिच्यातला एकेक शून्य-एक हा विजेच्या एका अतिसूक्ष्म साठ्यात ठेवलेला असतो आणि तो साठा सतत झिरपत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तिला तिचंच सगळं पुन्हा आठवून द्यावं लागतं. येताना कोथिंबीर आणायची आठवण मला घरून साधारण याच हिशेबाने होते. फरक एवढाच की रॅम विसरत नाही.

आता प्रश्न उरला सॉफ्टवेअर निवडायचा. खरं तर हे काम अर्ध्या तासाचं. मला अडीच महिने लागले. तेवढ्या काळात चौथ्या मजल्यावरच्या मुलाचं लग्न ठरलं, झालं आणि सून येऊन तिने तिथला वॉटर फिल्टर बदलला. मी मात्र अजून स्थळंच बघत होतो. एक्सेलमध्ये तक्ता केला होता, बावीस रकान्यांचा. तो तक्ता उघडायला चौदा सेकंद लागायचे.

पहिलं स्थळ स्वीडनचं. इमडिस्क, कर्ता ओलोफ लागेरक्विस्ट नावाचा प्रोग्रामर. फुकट, शिवाय मूळ कोडही सगळ्यांना बघायला उघडं. म्हणजे कपाटं उघडून दाखवणारं घर. पण दिसायला इतकं साधं की मला संशय आला. दुसरं सॉफ्टपरफेक्टचं, ऑस्ट्रेलियातलं. नीटनेटकं. एके काळी फुकट मिळायचं, मी बघायला गेलो तोवर विकत झालं होतं. चांगल्या स्थळांच्या बाबतीत आमच्या घराण्याचा हा अनुभव जुना आहे. तिसरं डेटारॅमचं, अमेरिकेतलं. २०१२ साली एएमडीने तेच आपलं नाव लावून आणलं होतं: ४ जीबीपर्यंत फुकट, आणि कॉम्प्युटरमध्ये रॅमही एएमडीचीच असेल तर ६. म्हणजे नात्यातल्या नात्यात सोयरीक केली तर दोन जीबी आंदण. चौथं ओएसएफमाउंट. त्याचं मूळ काम तपासासाठी घेतलेल्या डिस्कच्या प्रती उघडून बघण्याचं. जोडधंदा म्हणून रॅमडिस्कही करून देतं. पोलीस खात्याशी संबंध असलेलं स्थळ आमच्याकडे कुणी करत नाही, म्हणून तो रकाना मी लाल केला. पाचवं प्रायमो. त्यात पर्याय इतके की एका पर्यायावर बोट ठेवलं की आत आणखी चार. हॉटेलात बारा पानी मेनू आला की मी इडली मागवतो, तसंच झालं.

खरी गंमत म्हणजे या सगळ्यांच्या फार आधी ही वस्तू घरात फुकट यायची. १९९४ साली मी डोंबिवलीतल्याच एका क्लासात चपला बाहेर काढून डॉस शिकायला जायचो. चपला काढायच्या कारण आत एसी होता आणि कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉसबरोबरच रॅमड्राइव्ह डॉट सिस नावाची एक फाइल यायची. कॉन्फिग डॉट सिसमध्ये एक ओळ लिहिली की रॅममध्ये एक नवा ड्राइव्ह हजर. पुढे विंडोज ९८च्या स्टार्टअप फ्लॉपीनेसुद्धा असाच दोन एमबीचा तात्पुरता ड्राइव्ह उभा केलेला मी पाहिला आहे, कारण एका फ्लॉपीत तिची सगळी अवजारं मावत नसत. क्लासात सरांनी ती ओळ फळ्यावर लिहिली तेव्हा मी मागच्या बाकावर चपलांची काळजी करत होतो. नव्या होत्या.

निर्णय होईना म्हणून मी विषय गाडीत मांडला. आमच्या ग्रुपात कल्याणचा एक, ठाण्याचा एक आणि बाकी आम्ही. कल्याणकर गाडी सुटते तिथूनच बसून येतो, त्यामुळे त्याच्या बोलण्यात एक स्थैर्य असतं. ठाणेकर चढतो तेव्हा त्याचा एकच पाय डब्यात असतो, पण मत पूर्ण आत आलेलं असतं.

‘फुकटचं घे,’ कल्याणकर खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. ‘जागा असली की बसायचं. विचार कसला करतोस?’

‘अरे, विकतचं घे,’ दाराकडून आवाज आला. ‘डेटाचा प्रश्न आहे. तुम्ही लोक ना, स्टेशनापलीकडे विचारच करत नाही. देशातली पहिली प्रवासी रेल्वे ठाण्याला आली, १८५३ला.’

‘आणि १८५४ला कल्याणला आली. तेव्हापासून तुम्ही उभेच आहात.’

‘पण त्याला घ्यायचंय काय?’ वर कडीला लटकलेल्या एकाने विचारलं. मी रॅमडिस्क समजावून सांगितली. यावेळी ओटा-माळा नको म्हणून म्हटलं, ‘समजा, रिकाम्या जागेवर रुमाल टाकून ठेवायचा. आपण बसलो नसलो तरी जागा आपली.’

एकदम शांतता पसरली. मग कल्याणकर गंभीरपणे म्हणाला, ‘रुमाल टाकणं बरोबर नाही रे.’ हे बोलताना त्याच्या शेजारी त्याचा स्वतःचा रुमाल पसरलेला होता, पुढे चढणाऱ्या कुणासाठी तरी.

घरी मुलीने तर मुळावरच घाव घातला. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि घरच्या कॉम्प्युटरला हात लावत नाही. डॉक्टर घरच्यांना तपासत नाहीत तसं.

‘बाबा, ती रॅम रिकामी नसतेच. आपण परत परत वापरतो त्या फायली विंडोज तिथे स्वतःच ठेवून देतं. दुसऱ्या कुणाला जागा लागली की लगेच उठवतं.’

‘म्हणजे ठाण्याला उतरणारे.’

‘काय?’

‘ज्यांना विचारता येतं, काका कुठे उतरणार, आणि ते आपणहून उठतात, ते.’

‘हो, तसंच. आणि तुम्ही तिथे रुमाल टाकणार. म्हणजे ठाण्याला उतरणारेही बसणार नाहीत आणि तुमचं कुणी चढलं नाही तर जागा रिकामीच सीएसएमटीपर्यंत जाणार.’

इतकं सोपं कुणी सांगितलं की माझा निश्चय पक्का होतो. मी त्याच रात्री एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. कुठलं ते सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात त्याची काडीची चूक नव्हती.

चार जीबीचा ड्राइव्ह केला. त्याला ‘आर’ हे अक्षर दिलं आणि नाव ठेवलं ‘चौथी सीट’. तीन जणांच्या बाकावर अर्धं बूड टेकून जो बसतो त्याला ते नाव समजेल. ड्राइव्ह अवतरल्याबरोबर अँटिव्हायरसने त्याची झडती घेतली. आत काहीच नव्हतं, तरी ती पूर्ण केली आणि एकही धोका सापडला नाही म्हणून कळवलं. मग मी वेग मोजला. हार्ड डिस्क सेकंदाला ११० एमबी, चौथी सीट पाच हजारांच्या वर! मी खुर्चीतून उठलो. रात्रीचे पावणेबारा होते, म्हणून पुन्हा बसलो.

ब्राउझरचा सगळा तात्पुरता पसारा आरवर हलवला. उघडलेली पानं झटझट पुढे-मागे होऊ लागली. ब्राउझर स्वतः उघडायला मात्र नऊ सेकंद घेत राहिला. तरी दोन वाचले. ते दाखवायला हिला उठवलं.

‘बघ!’

‘काय?’

‘उघडलं!’

‘हं. मग?’

या ‘मग?’ला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही. पुढचे काही दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दोन सेकंद दाखवले. गॅसवाल्याने ‘छान आहे’ म्हटलं. तो घाईत होता.

आता लाइट गेले तर काय, याचीही सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. कॉम्प्युटर बंद करताना आख्खा आर ड्राइव्ह हार्ड डिस्कवर लिहून ठेवायचा आणि सुरू होताना परत आणायचा. मी ती खूण केली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद व्हायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला आणि सुरू व्हायलाही. मुलीने चहा पिता पिता तोंडी हिशेब केला: चार जीबी म्हणजे ४०९६ एमबी, सेकंदाला शंभर धरले तर एक्केचाळीस सेकंद. जाताना एक्केचाळीस, येताना एक्केचाळीस.

‘दोन सेकंद वाचवायला ब्याऐंशी सेकंद, बाबा.’

बसायला जागा मिळावी म्हणून डोंबिवलीहून आधी उलटे कल्याणला जाणारे आणि मग त्याच गाडीतून बसून परत डोंबिवलीवरून मुंबईला जाणारे लोक मी रोज बघतो. त्यांना कुणी असा हिशेब विचारत नाही. तरी मी ती खूण काढून टाकली. वेळ वाचवायचा म्हणजे वाचवायचा.

इथवर नुकसान फक्त माझ्या अब्रूचं होतं. पण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीही आहे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषय दोन: पाहुण्यांच्या गाड्या आणि कबुतरं. सभा साडेतीन तास चालली. तीन कुटुंबांचं बोलणं बंद झालं, दोघांचं नव्याने सुरू झालं, आणि शेवटी कबुतरांना दाणे घालणाऱ्याला दंड, असा ठराव बहुमताने मंजूर झाला. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एखादा विषय निकालात निघायची ही पहिलीच वेळ. त्याचं इतिवृत्त लिहायचं काम माझं.

ते मी आरवर लिहायला घेतलं. कारण सांगतो. हार्ड डिस्कवर फाइल सेव्ह केली की ती किंचित घुटमळते, सरकारी कार्यालयात अर्ज घेणारा क्षणभर आपल्याकडे बघतो तशी. आरवर बटण दाबायच्या आधीच सेव्ह झाल्यासारखं वाटायचं. त्या सुखाची मला चटक लागली. मी दर वाक्याला सेव्ह करू लागलो, मग दर स्वल्पविरामाला. कोण काय बोललं, कुणी कुणाला मध्येच तोडलं, कबुतरांच्या बाजूने किती हात वर झाले आणि त्यातला एक घाम पुसायला वर गेला होता, हे सगळं नऊ पानांत उतरलं. जगात एवढ्या वेळा सेव्ह केलेलं इतिवृत्त दुसरं नसेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी, पश्चिमेकडे आभाळ काळं झालं. पहिल्या पावसाचा पहिला थेंब खिडकीच्या पत्र्यावर पडायचा आणि लाइट जायचे यात आमच्या भागात जेवढं अंतर असतं, तेवढ्यात रॅम काय ते एकदा स्वतःला आठवून घेत असेल. मी दहाव्या पानावर सही करायच्या जागेपाशी होतो.

पंखे फिरत राहिले. ट्यूब चालू राहिली. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूने वाक्य पूर्ण केलं. आमच्याकडे २००७ सालचा इन्व्हर्टर आहे, भारनियमनाच्या भरभराटीच्या काळातला. तो घेतला तेव्हा त्याच्यावर काय काय जोडायचं यासाठी घरात मतदान झालं होतं आणि कॉम्प्युटर तीन विरुद्ध एक मताने पडला होता. कॉम्प्युटरखाली एक यूपीएस आहे. त्याची बॅटरी जाऊन तीन वर्षं झाली. लाइट गेले की तो ‘टीं’ करतो आणि आपण गेल्याचं कळवतो.

‘टीं,’ तो म्हणाला.

पंचेचाळीस मिनिटांनी लाइट आले. मी कॉम्प्युटर सुरू केला. सी होता, डी होता, आरसुद्धा होता. नवा कोरा, चार जीबी मोकळा, ‘चौथी सीट’ या नावासकट. अँटिव्हायरसने त्याची झडती घेतली आणि एकही धोका सापडला नाही म्हणून कळवलं.

हिने आतून विचारलं, ‘मोदकपात्र गेलं का?’

रविवारी मी कमिटीला गच्चीवर बोलावलं आणि खरं ते सांगितलं. मला वाटलं, राजीनामा मागतील. अध्यक्षांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘हरकत नाही. आपण सगळे होतोच की सभेला. आठवून लिहू.’ मग सगळे आठवू लागले. दुसऱ्या मजल्याला आठवलं की दंड कबुतरांना दाणे घालणाऱ्याला नाही, हाकलणाऱ्याला ठरला होता. पाहुण्यांच्या गाड्यांवर बंदी घाला म्हणून तासभर बोललेल्या गृहस्थांना, घरी जावई राहायला आल्यामुळे, आपण त्याच्या विरुद्ध बोललो होतो असं स्वच्छ आठवत होतं. ज्यांचं बोलणं बंद झालं होतं ते तिघे एकमेकांना दुजोरा देऊ लागले. इतकी खेळीमेळीची बैठक मी सेक्रेटरी झाल्यापासून पाहिली नव्हती. सगळ्यांसाठी चहा आला, बरोबर खारी आली. ठराव काय झाला होता ते शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि ते शोधायची कुणाला घाईही नव्हती.

मी खाली मान घालून कप गोळा करत होतो. खजिनदार मागे रेंगाळले. सगळे जिना उतरून गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

‘ते सॉफ्टवेअर कुठलं म्हणालात?’

‘का हो?’

‘काही नाही, सहज. त्यात हिशेबाच्या फायली पण बसतात का?’

‘चार जीबीपर्यंत काहीही बसतं.’

‘आणि लाइट गेले की अगदी सगळं?’

‘सगळं.’

ते जरा वेळ गच्चीवरून स्टेशनच्या दिशेने बघत राहिले. मग म्हणाले, ‘ऑडिटर पुढच्या आठवड्यात येतोय.’

मी त्यांना माझा तक्ता पाठवतो म्हणालो, बावीस रकान्यांचा.

‘तक्ता नको,’ ते म्हणाले. ‘फुकटचं कुठलं तेवढं सांगा. सोसायटीच्या खर्चात दाखवता यायचं नाही.’